ठशाची उलटी बाजू

आमच्याकडे बाघ गावात ठशांनी छापलेली एक चादर आहे. वापरून वापरून ती जुन्या धोतरासारखी मऊ झाली आहे, कडेला दोन ठिकाणी रफू आहे आणि तिची पांढरी जमीन आता पांढरी म्हणवत नाही. पण लाल आणि काळा हे दोन रंग जागचे हललेले नाहीत. परवा दोरीवर वाळत घालताना ती उलटी पडली आणि मी तशीच तिच्या पाठीकडे पाहत उभी राहिले. पाठीवरही तीच फुले होती, जरा फिकी, पण पुरती. आणि एके ठिकाणी, जिथे एक ठसा संपून दुसरा लागतो त्या जोडावर, पाकळी दोन सुतांनी सरकलेली होती. छापणाऱ्याचा हात तिथे कणभर पुढे पडला असणार. इतक्या वर्षांत हे माझ्या लक्षात आले नव्हते.

त्या दोन सुतांच्या अंतराने मला बरेच दिवस कामाला लावले. वस्तूची घडण, तिचे वेष्टन आणि तिच्यावरचे नाव या तीन गोष्टींना आज मोठे महत्त्व आले आहे. त्यांचे स्वतंत्र अभ्यासक्रम आहेत, त्यांच्यावर मोठा खर्च होतो आणि नवनव्या कल्पनांना पारितोषिके मिळतात. मला मात्र या विषयाचे खरे धडे धार आणि देवास या माळव्याकडच्या दोन जिल्ह्यांत सापडले. तिथे कापडावर ठसा उमटतो, नाण्यावर उमटला, टपालाच्या तिकिटावर उमटला आणि आज देशाच्या नोटेवर उमटतो.

बाघ हे गाव धार जिल्ह्याच्या नैर्ऋत्येला, कुक्षीच्या बाजूला आहे. बाघिनी नदीच्या काठी वसलेले. गावाबाहेर डोंगरात बौद्ध लेणी आहेत. अजिंठ्याच्या नात्यातली, पण खडक ठिसूळ असल्याने पुष्कळ पडझड झालेली. तिथली भित्तिचित्रे जपण्यासाठी भिंतीवरून उतरवून घ्यावी लागली. ठशांचे काम करणारे खत्री सिंधमधल्या लारकान्याकडून मारवाड आणि मनावर अशी मजल करत बाघला आले, असे ते स्वतः सांगतात. आसपासच्या भिल्ल, भिलाल्यांच्या वस्त्यांना लागणारे लुगडे, घागरा, ओढणी ते छापत. गेल्या शतकाच्या मध्यावर गिरणीचे स्वस्त कापड गावोगावच्या बाजारात आले तेव्हा हा धंदा मोडकळीला आला. इस्माईल सुलेमानजी खत्री यांच्यासारख्या कारागिरांनी तो सोडला नाही. त्यांनी जुने ठसे नव्या मांडणीत, साडीवर आणि चादरीवर आणले, म्हणून आज बाघचे नाव आपल्याला ठाऊक आहे.

कामाची रीत मुळातून समजून घेण्यासारखी आहे. कापड आधी धुऊन त्याची खळ काढायची. मग क्षार, एरंडेल आणि शेळीच्या लेंड्या यांच्या पाण्यात ते तुडवायचे आणि वाळवायचे. याला तिथे खारा करणे म्हणतात. त्यानंतर हिरड्याच्या पाण्यात बुडवले की कापड पिवळसर होते. आता ठसे. सागाच्या किंवा शिसवीच्या लाकडात कोरलेले, काही तर आजोबा-पणजोबांच्या हातचे. काळ्यासाठी लोखंडाचा गंज मुरवून केलेले पाणी, लालसाठी तुरटी, आणि दोन्हींना दाटपणा यावा म्हणून चिंचोक्याची खळ. ठसा खळीत टेकवायचा, कापडावर ठेवायचा, मुठीने ठोकायचा. एका ओळीत शेकडो वेळा. मग कापड आठ-दहा दिवस नुसते पडू द्यायचे. नंतर नदीच्या वाहत्या पाण्यात पसरून जादा खळ वाहू द्यायची. याला विछळिया म्हणतात. शेवटी तांब्याच्या मोठ्या भांड्यात, अलिझरीन आणि धायटीची फुले घातलेल्या पाण्यात ते तासन्‌तास शिजवायचे.

यातली एक गोष्ट मला कळली तेव्हा मी थक्क झाले. ठसा मारताना लाल रंग तिथे नसतोच. कापडावर उमटते ती तुरटी. लाल येतो तो शेवटी, भट्टीत. आणि सगळ्या कापडावरून फिरूनही तो फक्त तिथेच धरतो जिथे तुरटीने त्याच्यासाठी जागा राखून ठेवलेली असते. बाकीचा धुऊन जातो. म्हणजे बाघच्या कारागिराच्या हातातला ठसा रंग लावत नाही, रंग टिकेल अशी जागा करून ठेवतो. दिवसभर तो ज्या खुणा करतो त्यांचे खरे रूप त्याला पंधरा दिवसांनी दिसणार असते. हात चुकला तर ते भट्टीतच कळणार, आणि तेव्हा दुरुस्तीला वाव नसतो.

एक खरे सांगितले पाहिजे. हा लाल रंग पूर्वी आल नावाच्या झाडाच्या मुळांतून काढत आणि माळवा आलाच्या लागवडीसाठी प्रसिद्ध होता. जर्मन रसायनशास्त्रज्ञांनी १८६८मध्ये मंजिष्ठेतले अलिझरीन हे द्रव्य प्रयोगशाळेत तयार केले आणि काही दशकांत आलाची शेती संपली. आज बाघमध्ये वापरतात ते बहुधा तेच तयार अलिझरीन. ‘संपूर्ण नैसर्गिक’ अशी चिठ्ठी लावून कोणी बाघचे कापड विकत असेल तर ती चिठ्ठी त्या कापडाचा मान वाढवत नाही. त्याचा मान रंगाच्या डब्यावर अवलंबून नाही. तो तुरटी, नदी, भट्टी आणि हात यांच्या क्रमात आहे, आणि तो क्रम आजही खरा आहे.

आपल्या भाषेने या सगळ्याचा विचार फार पूर्वी करून ठेवला आहे. ठसा या एका शब्दात उमटवायचे साधन आणि उमटलेली खूण दोन्ही येतात. त्याच धातूतून ठसणे, ठसवणे, ठसठशीत. छाप म्हणावे तर ती कापडावर पडते आणि माणसाचीही पडते. शिक्का आहे, मोहर आहे, मुद्रा आहे. आणि डाग आहे. आज डाग म्हटले की आपल्याला कपड्यावरचा डाग आठवतो, पण मध्ययुगात घोड्यांना डाग देत. अलाउद्दीन खलजीने सरदारांच्या घोड्यांना डाग देण्याची पद्धत बसवली, पुढे अकबरानेही ती चालवली. कारण साधे होते: पाहणीच्या दिवशी चांगला घोडा दाखवायचा आणि लढाईत तट्टू आणायचे, किंवा एकच घोडा दोनदा मोजून घ्यायचा, हे बंद करायचे होते. इंग्रजीतला ब्रँड हा शब्दही जनावराला डागण्यासाठी वापरत. तेव्हा वस्तूवर खूण करण्याची सुरुवात सजावटीतून झाली नाही. कोणी तरी फसवत होते, म्हणून खूण लागली.

मराठा दफ्तरात हे शास्त्र अगदी बारकाईने सांभाळलेले दिसते. पत्राच्या माथ्यावर शिक्का, आणि मजकूर संपला की शेवटच्या ओळीला लागून मोर्तब. मोर्तब ही छोटी मुद्रा असे आणि तिच्यावर मर्यादेचा उल्लेख कोरलेला असे. इथे मजकुराची मर्यादा झाली, यापुढे कोणी एक अक्षरही घालू नये. आज औषधाच्या बाटलीच्या झाकणाखाली जे कडे असते, जे तुटले की बाटली उघडल्याचे कळते, ते आणि मोर्तब ही एकाच कल्पनेची दोन रूपे आहेत. तेच खलित्याचे. खलिता म्हणजे मुळात पत्र ठेवण्याची थैली. राजेरजवाड्यांच्या पत्रव्यवहारात ती किनखाबाची असे, तोंड बांधून तिला लाखेची मोहर लावत. पण मराठीत खलिता म्हणजे पत्रच झाले. थैलीचे नाव आतल्या मजकुराला चिकटले. वेष्टन इतके विश्वासाचे झाले की आतल्या वस्तूला वेगळे नाव उरले नाही.

धारचा विचार करताना भोजाला टाळून पुढे जाता येत नाही. अकराव्या शतकाच्या पूर्वार्धात परमार राजा भोज इथून राज्य करत होता. त्याच्या नावावर असलेला समरांगणसूत्रधार हा त्र्याऐंशी अध्यायांचा ग्रंथ नगररचना, घरबांधणी, मूर्ती, चित्र या सगळ्यांवर आहे आणि त्याचा एकतिसावा अध्याय यंत्रांवर आहे. पाण्यावर चालणारी, फिरणारी, पक्ष्यासारखी उडणारी, दारावर पहारा देणाऱ्या लाकडी पुतळ्यांची यंत्रे. ही यंत्रे खरोखर किती बनली हा वाद मी बाजूला ठेवते. मला थांबवते ती चांगल्या यंत्राच्या गुणांची यादी. भाग एकमेकांच्या प्रमाणात असावेत, जोड दिसू नयेत, हलताना खडखड होऊ नये, ढिलेपणा नसावा तसा ताठरपणाही नसावा, जिथे आवाज हवा तिथेच आवाज व्हावा, आणि वस्तू पुष्कळ काळ टिकावी. विसाव्या शतकात डीटर राम्स या जर्मन रचनाकाराने चांगल्या घडणीची दहा तत्त्वे मांडली. वस्तू नम्र असावी, प्रामाणिक असावी, टिकाऊ असावी असे त्यांत आहे. दोघांमध्ये नऊशे वर्षे आहेत, आणि दोघेही वस्तू वापरणाऱ्याच्या हाताने विचार करतात.

पण भोजाच्या ग्रंथात एक वाक्य असे आहे की ते वाचून मी पुस्तक मिटून बसले. यंत्रे नेमकी कशी जोडायची हे आम्ही सांगितलेले नाही, ते अज्ञानामुळे नव्हे तर गुप्ततेसाठी, अशा अर्थाचे ते आहे. कारण सगळ्यांना कळले की त्या यंत्राचे फळ मिळत नाही. कारागिरीचे गुपित आणि त्याचे मोल यांचे नाते धारच्या राजाने असे उघड सांगून टाकले.

त्याच धारमध्ये, भोजशाला आणि कमाल मौला यांच्या परिसरात, शिलांवर कोरलेले सर्पबंध आहेत. नागाच्या वळणदार अंगात वर्णमाला आणि व्याकरणाचे प्रत्यय कोरलेले. १९०३च्या सुमारास धार संस्थानच्या शिक्षण खात्याचे अधिकारी काशिनाथ कृष्ण लेले यांनी या परिसरातल्या शिलालेखांकडे अभ्यासकांचे लक्ष वेधले. ती जागा मंदिर की मशीद या वादात मला शिरायचे नाही. मला दिसतो तो व्याकरण शिकवणारा कोणी पंडित. रूक्ष कोष्टक विद्यार्थ्याच्या डोळ्यांत बसावे म्हणून त्याला नाग सुचला.

आता देवास. पवार घराण्यातले तुकोजीराव आणि जिवाजीराव हे दोन भाऊ बाजीराव पेशव्यांच्या माळव्यातल्या मोहिमांबरोबर आले आणि देवास दोघांच्या वाट्याला आले. थोरली पाती आणि धाकटी पाती. शहर एक, राज्ये दोन, दरबार दोन, राजे दोन. इंग्रज कादंबरीकार ई. एम. फॉर्स्टर १९२१मध्ये थोरल्या पातीच्या तुकोजीराव महाराजांचा खासगी चिटणीस होता. त्याने ‘द हिल ऑफ देवी’ या १९५३च्या पुस्तकात हा सगळा कारभार लिहून ठेवला आहे. माझ्या विषयाला लागू आहेत ती त्याआधीची, १८८८ची तांब्याची नाणी. दोन्ही पातींची नाणी घडणीने सारखी. एका बाजूला व्हिक्टोरिया राणीचा मुखवटा, दुसऱ्या बाजूला देवासचे नाव आणि किंमत. फरक इतकाच की एकावर थोरल्या पातीची इंग्रजी आद्याक्षरे, दुसऱ्यावर धाकट्या पातीची. दोन राज्यांची ओळख एका अक्षराच्या फरकावर उभी होती. देवासच्या बाजारात भाजी घेणाऱ्या बाईने ते अक्षर पाहिले असेल असे मला वाटत नाही.

धारने नऊ वर्षांनी याच्या उलट वाट धरली. १८९७मध्ये संस्थानाने स्वतःची टपाल तिकिटे काढली. छापखान्यात खिळे जुळवून छापलेली, साधी, काहींत जुळणीच्या चुका राहिलेली. आणि प्रत्येक तिकिटावर हाताने उमटवलेला एक लंबगोल शिक्का. यंत्राने छापलेले तिकीट तेवढ्यावर खरे मानले जात नव्हते. त्यावर माणसाचा हात पडला की ते चालू. ही तिकिटे १९०१पर्यंत चालली. तिकिटांच्या संग्राहकांना त्यांतल्या चुका मोलाच्या वाटतात. मला तो लंबगोल मोलाचा वाटतो.

देवासला गेल्या शतकाच्या सत्तरच्या दशकात बँक नोट प्रेस उभी राहिली. मराठी माणसाला नोटा म्हटले की नाशिक आठवते, आणि ते बरोबर आहे. १९२८पासून तिथे नोटा छापल्या जात आहेत. पण देवासचा छापखाना त्याच पंक्तीतला आहे, आणि नोटांच्या विशेष शाईचा कारखानाही तिथेच आहे. जवळच नर्मदेकाठी होशंगाबादला, म्हणजे आजच्या नर्मदापुरमला, नोटांचा कागद करणारी गिरणी आहे. त्या कागदाविषयी फार थोड्यांना माहीत असते की तो लाकडाच्या लगद्याचा नसतो. तो कापसाचा असतो. म्हणून तो खिशात भिजून वाळला तरी तग धरतो आणि बोटांत वेगळा वाजतो. बाघचा खत्री कापसावर छापतो आणि देवासचे यंत्रही कापसावरच छापते.

छापण्याची रीत मात्र नेमकी उलटी. बाघच्या ठशात नक्षीचा उंचवटा रंग धरतो आणि खोलगट भाग कोरा राहतो. नोटेवरची जी रेघ बोटाला जाणवते ती खोलात कोरलेल्या पत्र्यावरून येते. शाई त्या चरांत भरतात, वरची पुसून टाकतात आणि प्रचंड दाबाखाली कागद त्या चरांत शिरून शाई उचलतो. म्हणून गांधीजींचे चित्र, अशोकस्तंभ, रिझर्व्ह बँकेचे नाव हाताला उठून लागतात. दृष्टिहीनांसाठी याचा उपयोग करून घेतला आहे: शंभराच्या नोटेवर उठावाचा त्रिकोण, पाचशेच्या नोटेवर वर्तुळ, आणि दोन्ही कडांना तिरप्या रेघा, शंभरला चार, पाचशेला पाच. कोणत्याही साबणाच्या किंवा बिस्किटाच्या वेष्टनाने अंध माणसाचा इतका विचार केलेला मी पाहिलेला नाही. नोटेच्या मागच्या बाजूला पंधरा भाषांत किंमत लिहिलेली असते. इंग्रजी नावांच्या अनुक्रमाने लावलेल्या त्या यादीत मराठी आठवी, म्हणजे बरोबर मधली. हिंदीत सौ, मराठीत शंभर.

नोट ही वस्तू म्हणून फार विलक्षण आहे. तेलाच्या डब्यात तेल असते, चहाच्या पुड्यात चहा. नोटेच्या आत काही नाही. ती सगळी वेष्टनच आहे. मोल आहे ते तिच्यावर छापलेल्या वचनाचे आणि त्याखालच्या गव्हर्नरांच्या सहीचे. खलित्याची थैली पत्र होऊन बसली, ते नोटेत पूर्णत्वाला गेले. आणि म्हणूनच तिच्या घडणीत इतकी दक्षता ओतावी लागते. पाचशेची नोट तिरकी केली की आकडा हिरव्याचा निळा होतो. उजेडासमोर धरली की पुढून अर्धा आणि मागून अर्धा छापलेला आकडा जुळून एक होतो. केसभरही सरकला तर संशय घ्यायचा.

इथे मला चादरीची पाठ पुन्हा आठवली. देवासमध्ये खरेपणाची खूण ही की पुढची आणि मागची रेघ तंतोतंत जुळली पाहिजे. बाघमध्ये खरेपणाची खूण ही की ठशाचा जोड कुठे तरी दोन सुतांनी सरकला पाहिजे. लाखो नोटा एकसारख्या असतात म्हणून आपण कोणत्याही नोटेवर विश्वास ठेवतो; त्यांच्यात वेगळा असतो तो फक्त क्रमांक. बाघच्या दोन चादरी कधीच एकसारख्या नसतात आणि म्हणून आपण त्या प्रत्येकीवर विश्वास ठेवतो. जाळीच्या चौकटीतून यंत्राने छापलेल्या नकलेत फुलांची रांग निर्दोष येते आणि कापडाची पाठ कोरी राहते. तेवढ्यावरून ओळखता येते.

मग दोन्हींत समान काय? मी बराच विचार केला, आणि मला एकच गोष्ट सापडली. दोन्ही ठशांमागे जाब देणारे कोणी तरी आहे. नोट खोटी निघाली तर विचारायला एक संस्था आहे आणि एक सही आहे. चादरीचा रंग गेला तर बाघच्या त्या गल्लीत जाऊन विचारता येते. नव्या कल्पनांचे वेष्टन, डोळ्यांत भरणारे नाव, सुरेख अक्षर हे सगळे मला आवडते. पण त्याच्या पाठीशी जाब देणारा नसेल तर ते माझ्या लेखी चांगल्या घडणीत बसत नाही. हे माझे मत मी दोन कडू उदाहरणांवरून बनवले आहे, आणि दोन्ही याच मुलखातली आहेत.

देवासमध्ये रॅनबॅक्सी या औषध कंपनीचा कारखाना होता. सप्टेंबर २००८मध्ये अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने तिथून आणि हिमाचलातल्या पांवटा साहिबहून येणारी तीसहून अधिक औषधे रोखली. २०१३मध्ये कंपनीने अमेरिकन न्यायालयात गुन्हा कबूल केला आणि एकूण पन्नास कोटी डॉलर भरण्याचे मान्य केले. ज्या गावात देशातला सगळ्यात खात्रीचा कागद छापला जातो त्याच गावाचे नाव त्या खटल्याच्या कागदांत आहे. औषधाच्या पट्टीवरचे वेष्टन चोख होते. आजारी माणूस वेष्टनच वाचू शकतो, गोळी त्याला वाचता येत नाही. वेष्टनाची जबाबदारी म्हणून तर इतकी मोठी.

दुसरे उदाहरण धार जिल्ह्यातल्या पीथमपूरचे. १ जानेवारी २०२५च्या रात्री भोपाळच्या युनियन कार्बाइडच्या बंद कारखान्यातला ३३७ टन विषारी कचरा बारा मोहरबंद कंटेनरांतून निघाला आणि पीथमपूरला जाळण्यासाठी आला. गळती होऊ नये असे वेष्टन, पुढे-मागे पोलिसांच्या गाड्या, सगळी काळजी घेतलेली. तरी पीथमपूरची माणसे रस्त्यावर उतरली. न्यायालयाच्या देखरेखीखाली आधी चाचण्या झाल्या, मग जूनअखेर तो जाळून झाला. लोकांना अडाणी म्हणणे सोपे आहे, पण मला ते मान्य नाही. त्या कंपनीच्या टॉर्चच्या सेलवरचे नाव एके काळी घराघरांत होते. १९८४च्या डिसेंबरातल्या वायुगळतीच्या रात्रीनंतर दहा वर्षांनी मूळ मालकाने भारतीय कंपनीतला आपला हिस्सा विकला. सेलचे नाव नव्या मालकाकडे गेले, कचरा चाळीस वर्षे भोपाळात राहिला. ठसा निघून गेला आणि जाब देणाराही निघून गेला. त्यानंतर कंटेनरवर कितीही चांगली मोहर लावली तरी माणसांनी ती का मानावी?

बाघच्या छपाईला २००८मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले. चांगली गोष्ट झाली. पण हे मानांकन काय राखते ते नीट समजून घेतले पाहिजे. ते नाव राखते. बाघबाहेर छापलेल्या कापडाला बाघ म्हणून विकता येत नाही. नक्षी मात्र कोणीही उचलू शकतो, दुसरे नाव देऊन विकू शकतो. आपल्या कोल्हापुरी चपलेचे तेच झाले. महाराष्ट्रातले चार आणि कर्नाटकातले चार अशा आठ जिल्ह्यांना २०१९मध्ये तिचे मानांकन मिळाले होते. तरी जून २०२५मध्ये मिलानच्या फॅशन सप्ताहात प्राडाने तशीच चप्पल मांडली आणि तिला नुसती चामडी सँडल म्हटले. ओरड झाल्यावर कंपनीने भारतीय पारंपरिक चपलेवरून ती सुचल्याचे मान्य केले. आकार मिलानला गेला आणि करणाऱ्याचे नाव गावातच राहिले. कायदा इथे अपुरा पडतो, आणि तो सुधारला पाहिजे असे मला ठामपणे वाटते. पण कायद्याची वाट पाहताना एक काम आपल्या हातात आहे.

पुढच्या वेळी प्रदर्शनात किंवा दुकानात कोणी बाघची म्हणून साडी किंवा चादर दाखवली, तर पुढची बाजू पाहून घाई करू नका. ती उलटी करा. पाठीवर लाल आणि काळा उतरला आहे का ते पाहा. ठशांचे जोड शोधा, एखादी पाकळी सरकलेली दिसते का ते पाहा. आणि मग विकणाऱ्याला विचारा की हे कोणी छापले. नाव सांगता आले नाही, तर घेऊ नका.